तांदळातली अन्नपूर्णा

१

डबा सापडला होता. देवी नव्हती.

शेगावात स्टेशनाकडून देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर 'भगवंत निवास' नावाचं लॉज होतं. त्याच्यासमोर त्या सकाळी माणसं जमली होती ती या डब्याभोवती. पितळेचा, कडीचा डबा ओट्यावर उपडा पडला होता. शेजारी लॉजमध्ये झाडलोट करणारी गोजरबाई खराटा छातीशी धरून उभी होती. तिची मान खाली नव्हती.

"चोरटी!" लॉजचे मालक भगवानराव रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असे ओरडले. "देवाच्या गावात राहून देवी चोरते! काढ, कुठं ठेवली?"

"तांदूळ मी नेले," गोजरबाई म्हणाली. "नाही म्हणत नाही. पण देवी नव्हती त्याच्यात."

"ऐका! स्वतःच्या तोंडानं कबूल करून राह्यली."

"तांदूळ नेले म्हणतो, शेठ. देवी नाही. दोन्ही एकच हायेत काय?"

ओट्यावर सोनाळ्याच्या सत्यभामाबाई पदर खोचून बसल्या होत्या. पांढऱ्या कपाळाची, करड्या आवाजाची बाई. पंचवीस माणसांचं घर एकटीनं चालवणारी. आदल्या दिवशी दुपारपर्यंत त्या, त्यांचा मुलगा शंकरराव आणि नवी सून कोकिळा या लॉजच्या कोपऱ्यातल्या खोलीत उतरले होते. कोकिळेनं माहेरची चांदीची अन्नपूर्णा सोबत आणली होती. अंगठ्याएवढी मूर्ती, पण तिच्या आईच्या पूजेतली. आई लग्नाआधीच वारलेली. प्रवासात देवीला उपाशी ठेवत नाहीत, म्हणून डब्यात तांदूळ आणि तांदळात देवी. तो डबा खाटेखाली विसरला. सोनाळ्याला घरात पाऊल टाकल्यावर ते ध्यानात आलं. मग रात्रभर सुनेला बोलून झालं आणि पहाटेच्या एस.टी.नं तिघं परत. सुनेचं गाठोडंसुद्धा सोडू दिलं नव्हतं.

डबा लॉजच्या कपाटात मिळाला. रिकामा.

"शंकर पोलिसाले आणाले गेला आहे," सत्यभामाबाई म्हणाल्या. "आता तिथंच सांग, तांदूळ काय अन् देवी काय."

वरच्या मजल्यावरून खडावांचा आवाज आला.

वामनबुवा कीर्तनकार गावात सप्ताहासाठी आले होते आणि याच लॉजमध्ये उतरले होते. बुवांचं कीर्तन ऐकलेल्या माणसाला वाटावं, हा गृहस्थ लोण्याचा आहे. आख्यानात कुणाचे हाल सांगताना आधी त्यांचाच गळा दाटायचा, मग श्रोत्यांचा. पण कुणी गरिबावर आवाज चढवला की हेच लोणी चुलीवर ठेवल्यासारखं कढायला लागे. गंध अर्धवट लावलेलं, उपरणं एका खांद्यावर, असे ते जिना उतरले.

"भगवानराव, या बाईला कुणी काही विचारलं का? का नुसतं सांगूनच राहिले सगळे?"

"बुवा, तुम्ही यात पडू नका. संध्याकाळच्या कीर्तनाचं बघा."

"संध्याकाळी त्याच देवाचं नाव घ्यायचं आहे मला. सकाळी त्याच्या दारात हे चाललेलं पाहून कोणत्या तोंडानं घेऊ?" बुवांच्या कपाळावरची शीर उभी राहिली. "पोलीस येईपर्यंत मला विचारू द्या. नाही तर आज तुमच्या लॉजचं नाव मी पूर्वरंगातच घेतो."

भगवानराव मागे सरले. सगळं गाव कीर्तनाला बसत होतं.

गोजरबाई मात्र बुवांवरही उखडली. "विचारा तुमी! पण माह्यं घर यायनं आधीच उपसलं. पोराईसमोर मडके उलथे केले. पोलीस घेऊन गेला तं शेगावात मले कोणतं घर झाडू देईन? पोरं काय खातीन?"

बुवा सरळ कपाटाकडे निघाले.

२

कपाट जिन्याखाली होतं आणि त्याच्यापाशी गफ्फारभाई बसला होता. लॉजच्या गाद्या पिंजायच्या, उन्हात घालायच्या, खोल्या लावायच्या, ही त्याची कामं. तो आज कुणाशी बोलत नव्हता. बुवांनी शेजारी बैठक मारली तेव्हा एवढंच म्हणाला, "गोजरबाईनंतर माझाच नंबर आहे, बुवा. मले माहीत आहे."

"का?"

"खोलीत आम्ही दोघंच होतो ना. बाई गरीब, अन् मी गफ्फार. और क्या चाहिए?"

बुवांनी दातओठ खाल्ले. "कपाट उघड."

आत माणसांच्या विसरभोळेपणाचं दुकान होतं. चष्मे, एका पायाचा जोडा, तान्ह्या लेकराचं टोपडं, जरीचा रुमाल, टाळांच्या जोडीतला एकच टाळ. एका वाटीत कवळी.

"दात विसरून गेला माणूस!" गफ्फारला हसू आलंच. "घरी जाऊन भाकर कशी खाल्ली असंन, अल्ला जाने."

"अन् खाण्याचं कुणी विसरलं तर?"

"ते इथं ठेवत नाही. उंदरं होतात. लाडू, शेंगदाणे, पीठ, तांदूळ, जे खायचं राहीन ते झाडणाऱ्या बाईचं. शेठच्या वडलांपासूनची रीत आहे. बाकीचं कपाटात. काल मीच खाटेखालून डबा काढला. गोजरबाईनं पदर पसरला, मी ओतला. डबा कपाटात ठेवला."

"देवी पडलेली दिसली नाही?"

"तांदूळ धारेनं पडले, बुवा. चांदीचा तुकडा पडता तर दिसला असता. मी हे शेठले सांगतलं. शेठ म्हणे, तू मधात बोलू नको, नाही तर तुलेही धरतो."

बुवा उठले. मग थांबले. "भांडं-बिंडं, किमती काही राहिलं तर तेही इथंच असतं?"

गफ्फारनं दाराकडे पाहिलं. "काही दिवस असते. मग वर जाते."

"वर कुठं?"

"वर शेठचं घर आहे," एवढं बोलून गफ्फारनं कपाट लावून टाकलं.

३

गोजरबाईचं घर रुळांच्या पलीकडे होतं. तिच्यासोबत बुवा गेले तेव्हा दारात मडकी अजून तशीच आडवी पडली होती. पीठ सांडलेलं, गोधडी अंगणात. शेजारच्या बाया दाराआडून पाहत होत्या, आणि गोजरबाई आली तशी त्यांनी दारं लोटून घेतली.

"पाहा," ती म्हणाली. "काल यायनंच माह्याकडून विस्तव मागून नेला होता."

बुवांनी वाकून एक मडकं सरळ केलं. गोजरबाईनं ते त्यांच्या हातातून काढून घेतलं. "ठेवा. ज्यानं पाडलं त्यानं उचललं पाहिजे."

"बाई, तांदूळ कुठे आहेत?"

"शिजवले. लेकराईनं भात खाल्ला. लय दिवसानं खाल्ला, तं मागून मागून खाल्ला." तिचा आवाज प्रथमच फुटला. "आता तोच भात पोटात काटे होऊन राह्यला."

"निवडताना काही सापडलं? खडा, कागद, काहीही?"

"देवी नाही सापडली म्हणून शंभरदा सांगतलं..."

"देवी नाही म्हणत मी. दुसरं काही."

गोजरबाई थांबली. "एक सुपारी होती."

"सुपारी?"

"मधोमध. आता तांदळात सुपारी म्हणजे कोणाच्या पूजेची असंन, असं वाटलं. टाकवली नाही. देवाजवळ ठेवली."

कोनाड्यात तसबिरीपुढे सुपारी होती. घर उपसणाऱ्यांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. चांदी शोधणाऱ्याला सुपारी कशी दिसणार? बुवांनी ती तळहातावर घेतली. अख्खी, न फोडलेली. शेंड्याला कुंकवाचं बोट, बुडाला हळद वाळलेली.

बुवा तिथंच, सांडलेल्या पिठाशेजारी बसले. आपल्या घरात देवघरातली मूर्ती उजळायला सोनाराकडे देतात, तेव्हा तिची जागा मोकळी ठेवत नाहीत. तिथं सुपारी मांडतात. देव परत येईतो तीच देव. हे करायला कुणी शिकवावं लागत नाही, हात आपोआप जातो.

"गोजरबाई," ते हळू म्हणाले, "देवी चोरानं नाही नेली. देवी कुणीतरी मान देऊन उचलली आहे."

"म्हंजे कोण?"

बुवांचा चेहरा उजळायच्या ऐवजी काळवंडला होता.

४

पुष्पाबाई, भगवानरावांची बायको, वरच्या मजल्यावर देवघरात बसल्या होत्या. बुवांना पाहून त्यांनी पाट दिला. बुवांची नजर समईशेजारच्या चांदीच्या निरांजनावर गेली. कडेला बारीक अक्षरांत नाव कोरलेलं. ते भगवानरावांच्या घराण्याचं नव्हतं.

"हे कुणाचं?"

पुष्पाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "कोणी इसरून गेले होते. हे म्हणे, देवाचंच आहे, देवाजवळ राहीन."

"आणि विसरणारा परत आला असता तर?"

"एक बाई आल्या होत्या. यायनं सांगतलं, नाही सापडलं."

बुवांनी डोळे मिटून घेतले. रागानं त्यांचा हात गुडघ्यावर आपटला. क्षणभर त्यांना वाटलं, पुढे काही शोधायलाच नको. चोर हाच, वर राहतो, रोज देवाला ओवाळतो. पण हातातली सुपारी तसं म्हणत नव्हती. निरांजन उचलणाऱ्या माणसानं मागे काहीच ठेवलं नव्हतं.

"पुष्पाबाई, काल सोनाळ्याची मंडळी निघाली, तेव्हा ओटी भरली कुणाची?"

"कोकिळेची. सवाष्ण माह्या दारातून रिकामी जात नाही. सासूबाई तर... त्यायची कशी भरणार? त्या टांग्यात जाऊन बसल्या होत्या, मुलगाही. पोर ओटी घेऊन खोलीत गेली, सामान आणाले."

"ओटीत काय काय घातलं?"

"खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम. सगळ्याले हळदीकुंकू लावूनच घालतो मी."

बुवा खाली आले. ओट्याच्या टोकाला कोकिळा गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला.

"पाहा ना," सत्यभामाबाई कुणाला तरी सांगत होत्या, "कालपासून अंबाडा सोडला नाही हिनं. केस विंचर म्हणलं तं म्हणते डोकं दुखते. देवी हरवली ते हरवली, आता अवतार करून बसली. माह्या कुसुमच्या लग्नात रुखवतावर मांडाची होती ते अन्नपूर्णा! वरमाईले काय दाखवू मी?"

"कुसुम कोण?" बुवांनी विचारलं.

"माही लेक. पुढच्या महिन्यात लग्न आहे."

"म्हणजे सुनेच्या आईची देवी लेकीला देणार होता?"

"घरातलीच तं आहे. सून काय अन् तिची देवी काय, आमचीच."

बुवा कोकिळेकडे वळले. आवाज जमेल तितका मऊ केला. "पोरी, उपास आहे माझा. ओटीतली खारीक देशील का प्रसादाची?"

कोकिळेनं गाठ सोडली. खण, नारळ, तांदळात हळकुंड, बदाम. तिनं खारीक शोधून बुवांच्या हातावर ठेवली. बुवांनी गाठोड्यात नीट पाहिलं.

सुपारी नव्हती.

त्यांनी मान वर केली. कोकिळेचे डोळे त्यांच्या डोळ्यांना भिडले, आणि तिला कळलं की यांना कळलं. तेवढ्यात रस्त्यावरून शंकरराव आला. सोबत हवालदार होता.

५

"कोण आहे ती बाई?" हवालदारानं विचारलं.

"जरा थांबा, दादा," बुवा म्हणाले. "मला थोडं बोलायचं आहे. बसा सगळे." आणि उपरणं सावरून ते ओट्यावर उभे राहिले. गफ्फार जिन्यापाशी, पुष्पाबाई दारात. गोजरबाई रस्त्यावरच उभी होती, ओट्यावर चढायला तिनं नकार दिला होता.

"डबा गफ्फारभाईच्या डोळ्यांदेखत ओतला गेला. देवी तेव्हाच आत नव्हती. म्हणजे ती त्याआधी काढली गेली. मग यांच्यात चोर कोण?"

"ते मीच सांगतो..." भगवानराव पुढे झाले.

"तुम्ही बसा!" बुवांचा आवाज सप्ताहातल्या टिपेच्या सुराला गेला. "तुमचा हिशेब माझ्याकडे वेगळा आहे. तुमच्या देवघरातलं निरांजन ज्यांचं आहे त्यांचं नाव त्याच्यावरच कोरलंय, आणि ती बाई तुमच्या दारातून रिकाम्या हातानं परत गेलीय. या गोजरबाईनं रीतीप्रमाणे मूठभर तांदूळ नेले तर ती चोरटी, आणि तुम्ही?"

भगवानरावांच्या तोंडचा रंग उडाला. पुष्पाबाई मुकाट्यानं वर गेल्या, निरांजन घेऊन आल्या आणि नवऱ्यापुढे ओट्यावर ठेवलं.

"पण अन्नपूर्णा यांनी नेली नाही," बुवा म्हणाले. "ज्यानं नेली त्यानं तिच्या जागी तांदळात सुपारी ठेवली. विकायला नेणारा सुपारी ठेवत नाही. त्याला घाई असते, तो डब्यासकट उचलतो. ही सुपारी ठेवणारा हात देवघरात वाढलेला आहे. त्याला देवीची जागा सुनी सोडवली नाही. तेवढ्यामुळेच तो पकडला गेला." त्यांनी सुपारी वर धरली. "अख्खी आहे. हळदकुंकू लावलेली. ही पानाच्या चंचीतली नाही. ही ओटीतली आहे."

सत्यभामाबाईंचा हात हळूच आपल्या पांढऱ्या कपाळाकडे गेला. त्यांची ओटी कोणी भरली नव्हती.

बुवा पुढचं वाक्य बोलले असते तर तिथंच सगळं संपलं असतं. ते बोलले नाहीत. ज्याचं त्यानं बोलावं म्हणून ते थांबले.

हवालदाराला हे थांबणं समजेना. "बुवा, सुपारीवर काय केस होते? चाल बाई, चौकीवर चाल."

गोजरबाईनं खराटा भिंतीला टेकवला.

"थांबा." कोकिळा उठली होती. "त्यायले नका नेऊ. देवी माह्याजवळ आहे."

तिनं डोक्यावरचा पदर मागे सारला, भर रस्त्यात, नवऱ्यासमोर, हवालदारासमोर. अंबाडा सोडला. केसांच्या वेढ्यातून अंगठ्याएवढी अन्नपूर्णा तिच्या हातात आली.

"रुखवतावर देणार होते," ती म्हणाली. "मी नाही म्हणलं तं म्हणे, तुले इचारलं कोणी? घरात लपवता येत नव्हती. वाटलं, लॉजात डबा राहिला की देवी हरवली असं होईन. लॉजात राहिलेली वस्तू जाते कुठं तरी, कोणाचं नाव येत नाही, असं वाटलं मले."

"कोणाचं नाव येत नाही?" गोजरबाई ओट्याजवळ आली. "खोली आपोआप झाडली जाते काय वं? तुमी जाता अन् मांगून कोणी येतच नाही? तुही देवी वाचली, माह्या लेकराईनं आईले चोरटी म्हणताना ऐकलं! सकाळपासून तू इथं बसून आहे. मुकी होती?"

कोकिळा तिच्या पायाशी वाकली. गोजरबाईनं पाय मागे घेतला. "पाया पडू नको. पाया पडून घरातलं सांडलेलं भरते काय?"

"आण इकडं!" सत्यभामाबाई उठल्या आणि मूर्तीवर झडप घातली. "नाक कापलं घराण्याचं!"

त्यांचा हात पोचला नाही. मधे गोजरबाई होती.

"हात लावू नका," ती म्हणाली. "हिच्यावर माहा राग आहे, तो माहा मी पाहीन. पण ते तिच्या मायची आहे. तुमची नाही, तुमच्या लेकीची नाही."

"तू कोण सांगणारी?"

"सकाळपासून जिले तुमी चोर म्हणून राह्यल्या, ते मी."

हवालदारानं टोपी काढून डोकं खाजवलं. त्यानं एकदा ओट्यावरच्या निरांजनाकडे आणि एकदा भगवानरावांकडे पाहिलं. "शेठ, तुम्ही चला जरा. हे नाव कोणाचं ते चौकीवर वाचू." भगवानराव गोजरबाईकडे वळून काहीतरी पुटपुटले. चूक झाली, असं काही. "मोठ्यानं," बुवा म्हणाले. "चोरटी म्हणताना आवाज कसा फुटला होता!" मग भगवानरावांना ते रस्त्यावर उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणावं लागलं.

सत्यभामाबाईंनी आपली पिशवी उचलली. "शंकर, चाल. ही मरू दे इथंच. माह्या उंबऱ्यावर पाय नाही ठेवू देत तिले." आणि मागे न पाहता त्या एस.टी.च्या रस्त्याला लागल्या.

कोकिळा मोकळ्या केसांनी, मुठीत देवी धरून उभी राहिली. माहेरी आई नव्हती. सासरचा रस्ता आत्ताच बंद झाला होता. बुवांना काही बोलावंसं वाटलं, पण जे सुचत होतं ते सगळं कीर्तनातलं होतं, आणि ते इथं पुरलं नसतं.

गोजरबाईनं खराटा उचलला. थोडं चालली, मग वळली.

"उभी काय? चाल."

"कुठं?"

"माह्या घरी. मडके उचलाचे आहेत, पीठ गोळा कराचं आहे. अन् माहा राग अजून संपला नाही. रस्त्यावर किती बोलू? घरी चाल, तिथं बोलतो. आधी जेव मात्र. कालपासून काही खाल्लेली दिसत नाही."

कोकिळा निघाली. शंकरराव एस.टी.च्या रस्त्याकडे पाहत होता. आईची पाठ लांब जात होती. त्यानं ओट्यावर राहिलेलं बायकोचं गाठोडं उचललं, पुन्हा एकदा तिकडे पाहिलं, आणि मान खाली घालून रुळांच्या दिशेनं चालू लागला.

गोजरबाईनं वळून पाहिलं. "या, तुमीही या," ती म्हणाली. "तुमाले तर लय बोलाचं आहे मले."